गॅरेजच्या दाराशी थांबलेला कायदा

आजचा धागा एका नळीचा आहे. खरे तर चार नळ्यांचा, किंवा आठ. इंजिनाला जितके सिलिंडर, तितक्या.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळते, पिस्टन खाली ढकलला जातो आणि उरलेला तापलेला वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. तो गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा जो पहिला भाग इंजिनाला बोल्टांनी जखडलेला असतो, तो मॅनिफोल्ड. कारखान्यातून येणारा मॅनिफोल्ड वर्षानुवर्षे बिडाचा असे: जड, आखूड, स्वस्त आणि टिकाऊ. तो काढून त्या जागी वाकवलेल्या पोलादी नळ्यांचा जुडगा बसवला की त्याला हेडर म्हणतात. मोटारसायकलच्या बाबतीत आपल्याकडचे गॅरेजवाले ज्याला ‘बेंड पाइप’ म्हणतात, त्याचाच हा चारचाकी भाऊबंद.

अमेरिकेत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, हे काम हौशी माणसे कित्येक पिढ्या घरच्या घरी करीत आली आहेत. शनिवार-रविवारची सुटी, घराला लागून असलेले गॅरेज, एक जॅक, पान्यांचा संच आणि मदतीला एखादा मित्र, इतक्या भांडवलावर. इतिहासाच्या अभ्यासकाला या कामात रस वाटावा तो नळीमुळे नव्हे. विकत घेतलेल्या यंत्रावर मालकाचा हक्क कुठवर चालतो, हा प्रश्न या एका कामाभोवती गेल्या शतकात पुन्हा पुन्हा उभा राहिला, आणि दर खेपेला त्याचे उत्तर थोडे बदलले.

सुरुवात १९३२पासून करावी लागते. त्या वर्षी हेन्री फोर्ड यांनी सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन दिले. २२१ घनइंच क्षमता, ६५ अश्वशक्ती. तोवर आठ सिलिंडर ही श्रीमंतांची मिरास होती. काही वर्षांतच या गाड्या जुन्या बाजारात आल्या आणि मंदीच्या काळातल्या पोरांच्या हाती पडल्या. पण या इंजिनात एक मूळचीच खोट होती. त्याचे व्हॉल्व्ह माथ्यावर नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरांच्या कुशीत होते. त्यामुळे जळलेला वायू ब्लॉकच्या पोटातून वळसा घेऊन बाहेर पडे. शिवाय प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांना बाहेर पडण्याची दारे तीनच. मधल्या दोघांना एकाच दारातून जावे लागे. ही धग थेट गार पाण्याच्या वाटांना लागे, आणि इंजिन तापण्याच्या तक्रारी त्याच्या जन्मापासून निघाल्या.

म्हणजे या इंजिनाची पहिली घुसमट धुराच्या वाटेवर होती, आणि हाताने सुधारता येण्याजोगी वाटही तीच होती. ब्लॉक घरी ओतता येत नाही. नळी मात्र कापता येते, वाकवता येते, जोडता येते.

लॉस एंजेलिसच्या ईशान्येला वाळवंटात कोरड्या पडलेल्या सरोवरांचे विस्तीर्ण, सपाट तळ आहेत. म्युरॉक हे त्यांतले प्रसिद्ध. पुढे तिथे एडवर्ड्स हवाई तळ झाला. १९३७च्या अखेरीस स्थापन झालेल्या सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन या संघटनेने अशा तळांवर शर्यती भरवल्या. शर्यत दुसऱ्या गाडीशी कमी आणि घड्याळाशी जास्त असे. त्याच मैदानांवरून ‘लेक हेडर’ हे नाव आले: इंजिनाच्या बाजूने निघून गाडीच्या कडेने जाणाऱ्या नळ्या, तोंडाला झाकण. शहरातून येताना झाकण बंद, वायू सायलेन्सरमधून जाणार. सरोवरावर पोहोचताच झाकण काढायचे आणि सायलेन्सरला सुटी द्यायची. एकाच नळीला दोन तोंडे, एक समाजासाठी आणि एक स्वतःसाठी; ही सोय ज्याने प्रथम केली, त्याला या धाग्यातला सारा पेच आधीच कळला होता असे म्हणायला हरकत नाही.

या मंडळींत स्त्रियाही होत्या, हे सहसा सांगितले जात नाही. वेडा ऑर ही त्या संघटनेच्या शर्यतीत गाडी चालवणारी पहिली स्त्री मानली जाते. दुसऱ्या महायुद्धात शर्यती थांबल्या आणि पोरे आघाडीवर गेली, तेव्हा तिने संघटनेचे वार्तापत्र चालू ठेवले आणि ते दूरदूरच्या सैनिकांना धाडले. कुठल्या मित्राची गाडी कुठे झाकून ठेवली आहे, कोण परतला, कोण परतणार नाही, अशा बातम्यांना शर्यतीच्या बातम्यांइतकेच मोल असलेला तो काळ होता.

युद्ध संपल्यावर परतलेल्या तरुणांजवळ दोन नव्या गोष्टी होत्या. एक म्हणजे विमाने, ट्रक आणि रणगाडे दुरुस्त करताना बसलेला हात. दुसरी म्हणजे घर. माजी सैनिकांना गृहकर्जाची हमी देणारा कायदा १९४४मध्ये झाला आणि शहरांच्या कडेने एकसारख्या घरांच्या वसाहती उठू लागल्या. लॉस एंजेलिसजवळच्या लेकवुडमध्ये १९५०पासून अवघ्या तीनेक वर्षांत सुमारे १७,५०० घरे बांधली गेली. अशा वसाहतींत घराबरोबर गॅरेज येई. वास्तुशास्त्राच्या इतिहासात दिवाणखान्यावर, स्वयंपाकघरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. या तिसऱ्या खोलीची उपेक्षाच झाली. घराच्या छपराखाली असलेली, पण जिथे तेल सांडले तरी कुणी रागावत नाही अशी ही जागा. तिथे चालणाऱ्या कामाचा पगार नाही, पावती नाही, नोंद नाही. म्हणून अभिलेखागारात त्याचा मागमूसही सापडत नाही.

जे थोडेफार सापडते, ते मासिकांत. रॉबर्ट पीटरसन यांनी जानेवारी १९४८मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक सुरू केले. काम कसे करावे हे छायाचित्रांसह शिकवणाऱ्या अशा मासिकांनी तोंडी विद्येला छापील रूप दिले. १९५५मध्ये शेव्हरोलेने आपले छोटे व्ही-८ इंजिन आणले, २६५ घनइंचांचे, व्हॉल्व्ह माथ्यावर असलेले, आणि फोर्डच्या त्या जुन्या इंजिनाचे राज्य संपत आले. तयार हेडर टपालाने मागवण्याचे दिवसही याच सुमारास आले. तोवर ज्याला वेल्डिंग येते त्याचाच तो खेळ होता. आता ज्याला पाना धरता येतो त्याचा झाला.

नळीने नेमके काय साधते, हे इथे सांगायला हवे, कारण पुढचा वाद त्यावाचून कळणार नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. चार नळ्या जिथे एका रुंद तोंडात मिळतात तिथे ती पसरते, आणि तिथून कमी दाबाची लाट उलटी माघारी येते. नळीची लांबी जमून आली असेल, तर ही परतलेली लाट व्हॉल्व्ह मिटण्याच्या बेतात असताना पोहोचते आणि सिलिंडरमधला उरलासुरला वायू खेचून नेते. रिकाम्या झालेल्या जागेत ताजे मिश्रण अधिक भरते. हे सगळे एका ठरावीक वेगाच्या आसपासच जमते. लांब नळी कमी फेऱ्यांवर कामाला येते, आखूड नळी जास्त फेऱ्यांवर. सगळीकडे फायदा देणारी नळी अजून कुणी वाकवलेली नाही.

बिडाच्या आखूड मॅनिफोल्डमध्ये या लाटा एकमेकींच्या पायांत येतात. शेव्हरोलेच्या त्या इंजिनात सिलिंडर १, ८, ४, ३, ६, ५, ७, २ या क्रमाने पेटतात. त्यातले ५ आणि ७ डाव्या बाजूचे सख्खे शेजारी, आणि एकामागून एक पेटणारे. एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर. वेगळ्या नळ्या दिल्या की हे भांडण मिटते.

आता त्या शनिवारच्या कामाकडे वळू. काम खरे तर आदल्या रात्री सुरू होते. मॅनिफोल्डचे बोल्ट वर्षानुवर्षे तापून, गार होऊन, गंजून हेडच्या धातूशी जणू एकजीव झालेले असतात. त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर मुरू द्यायचे. सकाळी बॅटरीची ऋण तार काढायची. गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवायची; नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नये, हा नियम जिवाशी गाठ घालणारा आहे. मग स्पार्क प्लग काढायचे, कारण नळ्या आत सरकवताना पहिला मार त्यांच्या चिनी मातीला बसतो.

त्यानंतर बोल्ट. इथे ताकद नव्हे, तर कान लागतात. सुटणारा बोल्ट कुरकुरतो. तुटणारा बोल्ट आधी मऊ लागतो, पाना अनपेक्षितपणे सहज फिरू लागतो, आणि पुढच्या क्षणी त्याचे डोके हातात येते. उरलेला देठ हेडमध्ये. मग छिद्र पाडून तो काढायचा, आटे गेले तर नवे पाडायचे, आणि शनिवारचे काम पुढच्या शनिवारवर ढकलायचे. म्हणून जाणती माणसे बोल्ट एकदम सोडवत नाहीत. जरा सैल करतात, पुन्हा आवळतात, पुन्हा सैल करतात. या ज्ञानाला सूत्र नाही. ते मनगटात असते आणि मनगटातून मनगटात जाते.

जुना मॅनिफोल्ड निघाला की त्याचे वजन प्रथमच हाताला कळते. हेडच्या पृष्ठभागावर चिकटलेले जुने गॅस्केट खरवडून काढायचे. तिथे राईएवढा कण राहिला तरी पुढे वायू तिथूनच फुसफुसतो. नवे हेडर आत घालणे हा तर कोड्याचाच प्रकार. स्टीअरिंगचा दांडा, स्टार्टर, चासीची कड, सगळे वाटेत. पुष्कळ गाड्यांत इंजिनाचे आधार सोडून ते थोडे उचलावे लागते. नळी वरून जात नसेल तर खालून, आणि खालून जात नसेल तर ज्याने ती आखली त्याच्या नावाने चार शब्द उच्चारून पुन्हा वरून.

सगळे बोल्ट प्रथम हाताने लावून घ्यायचे. मग मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. एका टोकाकडून सुरू केले तर पट्टी तिरकी बसते. प्लगच्या तारा नळ्यांपासून दूर बांधायच्या, नाहीतर त्या वितळतात. गाडी चार-दोनदा तापून गार झाली की बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण गॅस्केट दबते आणि पोलाद सैलावते. हे शेवटचे काम निम्मे लोक विसरतात. मग इंजिन थंड असताना टिकटिक ऐकू येऊ लागते.

आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करताना गॅरेजचे दार सताड उघडे ठेवायचे. नव्या नळ्यांवरचे तेल जळून धूर होतो, तो दिसतो. त्याच्याबरोबर निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि बंद खोलीत तो माणूस मारतो. दार उघडले की तो निघून जातो.

कुठे जातो, हा प्रश्न बरीच वर्षे कुणी विचारला नाही. २६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिसवर एवढे दाट धुरके उतरले की डोळे चुरचुरू लागले, समोरचे रस्ते दिसेनात. युद्धाचे दिवस, शत्रूने वायूहल्ला केला की काय, अशीही शंका लोकांना आली. मग संशय कृत्रिम रबराशी संबंधित एका कारखान्यावर गेला. कारखान्याचा बंदोबस्त झाला, धुरके राहिले.

उत्तर शोधले ते आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने. पॅसाडेनाच्या कॅल्टेक संस्थेत हा गृहस्थ अननसाच्या स्वादाचे पृथक्करण करीत होता. फळाच्या गंधातले सूक्ष्म अंश पकडण्याची जी हातोटी त्याने कमावली होती, तीच त्याने शहराच्या हवेला लावली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिले की न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की ओझोन तयार होतो, आणि या कच्च्या मालाचा मोठा पुरवठा मोटारी करतात. म्हणजे ज्या खोऱ्यात हॉट रॉड जन्मली, त्याच खोऱ्यात तिचा आरोपपत्रलेखकही बसला होता. तेल कंपन्या आणि मोटार कंपन्या यांनी हे निष्कर्ष सहजासहजी मान्य केले नाहीत, यात नवल नाही.

त्यानंतरची पावले भराभर पडली. १९६६च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियाने नव्या गाड्यांच्या धुरावर मर्यादा घातली. १९६७मध्ये राज्याचे हवा संसाधन मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७०मध्ये देशाचा स्वच्छ हवा कायदा कडक झाला. १९७५च्या मॉडेलांपासून बहुतेक अमेरिकी गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आणि शिसेयुक्त पेट्रोल त्यांना विष ठरत असल्याने बिनशिशाच्या पेट्रोलसाठी पंपाची नळी अरुंद करण्यात आली. त्यावर काही गाडीमालकांनी स्वस्त पेट्रोल भरता यावे म्हणून टाकीचे तोंडच रुंद करून घेतले. कायद्याचा इतिहास वाचताना अशा रुंद केलेल्या तोंडांकडे अधिक लक्ष द्यावे. सामान्य माणसाचे मत पुष्कळदा तिथेच नोंदलेले असते.

पण इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. धूर रोखणारी यंत्रणा निकामी करू नये, ही बंदी १९७०च्या कायद्यात विकलेल्या गाडीपुरती उत्पादक आणि विक्रेता यांच्यावर होती. १९७७च्या दुरुस्तीने ती गाड्या दुरुस्त करणाऱ्या धंद्यांवर आली. स्वतःच्या गॅरेजात स्वतःच्या गाडीखाली पडलेला माणूस देशाच्या कायद्याच्या कक्षेत आला तो १९९०मध्ये. तेव्हा ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आले, आणि यंत्रणेला बगल देण्यासाठीच बनवलेले सुटे भाग विकणेही गुन्हा ठरले. म्हणजे वीस वर्षे कायदा गॅरेजच्या दाराशी थांबला होता. तो भीतीपोटी थांबला असेल, घराविषयीच्या आदरापोटी असेल, किंवा प्रत्येक दारात निरीक्षक उभा करता येत नाही या व्यवहारी जाणिवेपोटी असेल. कारण कोणतेही असो, त्या वीस वर्षांत हेडर बसवणाऱ्यांची एक पिढी हे आपल्या घरातले काम आहे असे मानून वाढली. तिला १९९०नंतर अन्याय झाल्यासारखे वाटले, तर ते समजण्यासारखे आहे. त्याच खोऱ्यात दम्याचा पंप घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलाला त्या भावनेशी काही देणेघेणे नव्हते, हेही तितकेच खरे.

वाद अधिक अवघड होतो तो यामुळे की नुसत्या हेडरने धूर वाढतोच असे नाही. बिडाच्या जागी पोलाद आले म्हणून हवा बिघडत नाही. अडचण आहे कन्व्हर्टरच्या जागेची. तो अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट कामच करीत नाही. लांब नळ्यांचे हेडर त्याला इंजिनापासून दूर ढकलते. पातळ नळ्यांतून उष्णता वाटेतच उडते. ऑक्सिजन सेन्सरची जागाही सरकते. थंड इंजिनाच्या पहिल्या मिनिटांत होणारे प्रदूषण त्यामुळे वाढते. नंतरच्या अनेक गाड्यांत तर उत्पादकांनी कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडून टाकला. अशा गाडीत मॅनिफोल्ड काढणे म्हणजेच कन्व्हर्टर काढणे. १९५५च्या गाडीवरचे तेच काम आज वेगळे कृत्य झाले आहे, पाना तोच असला तरी.

कॅलिफोर्नियाने यावर काढलेला तोडगा कारकुनी आहे, आणि म्हणूनच बऱ्यापैकी चालतो. सुटा भाग बनवणाऱ्याने चाचण्या करून दाखवायच्या. धूर वाढत नसेल तर मंडळ त्या भागाला सूट देणारा आदेश काढते आणि त्याला क्रमांक देते. कन्व्हर्टर जागचा न हलवणाऱ्या आखूड नळ्यांच्या अनेक हेडरांना असे क्रमांक मिळाले आहेत. लांब नळ्यांची हेडरे बहुधा ‘केवळ शर्यतीसाठी’ अशी पाटी लावून विकली जातात, आणि त्यांतली किती शर्यतीच्या मैदानापर्यंत पोहोचतात हे विकणारा विचारत नाही. सुट्या भागांच्या उत्पादकांनी १९६३मध्ये स्थापलेल्या संघटनेच्या नावात सुरुवातीला ‘स्पीड’ हा शब्द होता. पुढे तो गेला आणि ‘स्पेशालिटी’ आला. वेग हा शब्द उघडपणे मिरवण्याचे दिवस सरल्याची ती खूण.

आपल्याकडे ही गोष्ट उलट्या टोकाने आली. १ एप्रिल १९९५पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्याआधीच, १९८८चे. उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करण्यास ते मनाई करते. म्हणजे सामान्य भारतीयाच्या हाती गाडी येण्याआधी नियम आला. इथे घराला लागून गॅरेज नाही, इमारतीखालची सामाईक जागा आहे. काम मालक करीत नाही, नाक्यावरचा मिस्त्री करतो. आणि राग येतो तो धुराचा नव्हे, आवाजाचा. महाराष्ट्रातल्या शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवतात, तेव्हा तो देखावाही हवेसाठी नसून कानांसाठी असतो.

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियतकालिक तपासणीतून वगळले आहे, त्यामुळे जुन्या शेव्हरोलेचा मालक आजही शनिवारी निर्धास्त असतो. नव्या गाडीच्या मालकाला मात्र हेडरच्या खोक्यात, गॅस्केट आणि बोल्टांच्या पिशवीबरोबर, सूट-आदेशाचा क्रमांक छापलेला एक छोटा स्टिकर मिळतो. सगळे बोल्ट आवळून झाले, हात पुसून झाले की तो बॉनेटखाली, तपासणाऱ्याला सहज वाचता येईल अशा जागी चिकटवायचा असतो. जागा आधी पुसून स्वच्छ आणि कोरडी करावी लागते, नाहीतर इंजिन तापले की तो सुटून पडतो.